वेब ॲपला टोकन ऑथेंटिकेशन जोडताना: दिलेलं टोकन परत कसं घेणार ते आधी ठरवा

टोकन म्हणजे लॉगिननंतर सर्व्हरने दिलेली ओळखीची खूण, जी पुढच्या विनंत्यांबरोबर दाखवायची. टोकन ऑथेंटिकेशनवरचे बहुतेक लेख हे टोकन कसं बनवायचं इथे सुरू होतात आणि ते हेडरमधून कसं पाठवायचं इथे संपतात. तेवढं काम फार तर अर्ध्या दिवसाचं. लायब्ररी एका ओळीत टोकन बनवून देते. कटकट त्यापुढे आहे. टोकन चोरीला गेलं, सभासदाने पासवर्ड बदलला, कुणाचे अधिकार काढून घेतले, तर बाहेर फिरत असलेलं टोकन थांबवायचं कसं? याचं उत्तर आधी ठरवलं की टोकनची मुदत किती, ते ठेवायचं कुठे, डेटाबेसमध्ये कोणतं टेबल लागेल, हे सगळं त्यातून निघतं. उत्तर नंतरवर ढकललं तर सगळं दोनदा लिहावं लागतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना धरू: गृहनिर्माण सोसायटीचं ॲप. मागे एक्सप्रेसवर चालणारा नोड सर्व्हर आणि पोस्टग्रेस, पुढे रिॲक्ट, शिवाय एक अँड्रॉइड ॲप. सभासद मेंटेनन्सची बिलं बघतात. सचिव आणि खजिनदार नोंदी बदलतात.

टोकन हवंच का?

ॲप फक्त ब्राउझरात चालणार असेल, एकाच डोमेनवर असेल, तर साधं सेशन कुकी आणि सेशनचं टेबल पुरतं. लॉगआउट म्हणजे टेबलातली एक ओळ उडवणं, विषय संपला. सेशन जुनाट आणि टोकन आधुनिक हा गैरसमज आहे. त्यापायी चांगली चालणारी ॲप्स उगाच अवघड करून ठेवलेली दिसतात. मोबाइल ॲप आहे, किंवा एकाने दिलेली ओळख दुसऱ्या सर्व्हिसने डेटाबेसला न विचारता तपासायची आहे, अशा वेळी टोकन कामाचं. आपल्या नमुन्यात अँड्रॉइड आहे, म्हणून पुढे जाऊ.

दोन टोकनं, दोन स्वभाव

पहिलं ॲक्सेस टोकन. हे जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन: आत माहिती आणि सर्व्हरची सही असलेलं टोकन), मुदत १५ मिनिटं. प्रत्येक विनंतीबरोबर ऑथरायझेशन हेडरमधून ‘बेअरर’ या शब्दापुढे जातं. बेअरर चेकसारखंच: ज्याच्या हातात, त्याचं. सर्व्हर फक्त सही तपासतो, आणणारा कोण हे बघत नाही. म्हणून मुदत कमी.

दुसरं रिफ्रेश टोकन, ॲक्सेस टोकन संपलं की नवं मागायला, मुदत ३० दिवस. हे जेडब्ल्यूटी नकोच. नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलच्या रँडम जनरेटरमधून ३२ बाइट घ्या, बेस६४यूआरएलमध्ये (यूआरएलमध्ये चालणाऱ्या अक्षरांत) लिहा, झालं टोकन. त्यात काही माहिती नसते. अर्थ फक्त डेटाबेसला कळतो, त्यामुळे डेटाबेसातून ते कधीही मारता येतं. रिफ्रेश टोकनही ॲक्सेस टोकनच्याच कीने (सही करायच्या गुप्त किल्लीने) सही केलेलं जेडब्ल्यूटी ठेवलं तर एक भोक हमखास पडतं: मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी तपासणारा कोड) सही बघतं, सही बरोबर असते, आणि ३० दिवसांचं रिफ्रेश टोकन ॲक्सेस टोकन म्हणून बिनबोभाट चालतं. जेडब्ल्यूटीच ठेवायचा हट्ट असेल तर की वेगळी ठेवा आणि टोकनचा प्रकार आत लिहून तो तपासा.

जेडब्ल्यूटीचं मानक म्हणजे मे २०१५ मधलं आरएफसी ७५१९. बिंदूंनी जोडलेले तीन भाग: हेडर, पेलोड (आतली माहिती), सही. पहिले दोन भाग फक्त बेस६४यूआरएलमध्ये लिहिलेले असतात, कुलूपबंद नसतात. ज्याच्या हाती पडेल तो वाचू शकतो. तेव्हा फोन नंबर, थकबाकी, ईमेल आत घालू नका. सभासदाचा आयडी, टोकन कुणी दिलं, कुणासाठी दिलं, कधी दिलं, कधी संपणार आणि टोकनचा स्वतःचा आयडी, एवढं पुरे. सभासदाचा आयडी आकडा असला तरी स्ट्रिंग करूनच टाका. मानक तसंच सांगतं, आणि पायथनच्या पायजेडब्ल्यूटीने २.१० आवृत्तीपासून आकडा असलेलं टोकन नाकारायला सुरुवात केली, त्यामुळे लायब्ररी अपडेट केल्यावर अचानक सगळेच बाहेर फेकले जातात.

पेलोडमध्ये भूमिका, म्हणजे सचिव की साधा सभासद, घालायची का? मोह होतो, कारण डेटाबेसची एक फेरी वाचते. पण वार्षिक सभेत कार्यकारिणी बदलली आणि जुन्या सचिवाच्या टोकनात ‘सचिव’ लिहिलेलं असलं, तर पुढची १५ मिनिटं तो सचिवच. बिल बघण्यापुरतं हे चालेल. पैशाची नोंद बदलणाऱ्या प्रत्येक विनंतीला मात्र भूमिका डेटाबेसातूनच वाचा. त्या विनंत्या संख्येने मोजक्या असतात, तिथे वेग वाचवून काही हाती लागत नाही.

सही आणि ती तपासणं

सही करणारा आणि तपासणारा सर्व्हर एकच असेल तर एचएस२५६ (एकाच गुप्त कीने सही आणि तपासणी करणारा अल्गोरिदम) पुरतं. की मात्र खरी रँडम हवी. ओपनएसएसएलच्या रँड कमांडला बेस६४ पर्याय देऊन ३२ बाइट मागा, ४४ अक्षरं मिळतील. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गिटमध्ये कधीच नाही. आरएफसी ७५१८ नुसार एचएस२५६ ला किमान २५६ बिटांची की लागते, आणि त्याला कारण आहे. सोसायटीच्या नावाला वर्ष जोडून केलेली ‘की’ मोडायला तुमच्या सर्व्हरवर हल्ला करावाच लागत नाही. कुठल्याही सभासदाने स्वतःचं वैध टोकन हॅशकॅट या की शोधणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचं (जेडब्ल्यूटीसाठी १६५०० क्रमांकाचा मोड आहे) आणि घरी बसून शब्द लावत राहायचं. की सापडली की तो कुणाच्याही नावाने टोकन बनवू शकतो, आणि तुमच्या लॉगमध्ये त्या खटपटीची एक ओळही उमटत नाही.

दुसऱ्या सर्व्हिसनाही टोकन तपासायचं असेल तर त्यांच्या हातात एचएसची की देऊ नका, कारण तपासणारा तिनेच सहीही करू शकतो. तिथे ईएस२५६ किंवा आरएस२५६ घ्या (यांत सही गुप्त कीने आणि तपासणी वेगळ्या, जाहीर पब्लिक कीने होते) आणि फक्त पब्लिक की वाटा.

तपासताना अल्गोरिदम तुम्ही सांगायचा, टोकनच्या हेडरने नाही. २०१५ मध्ये अनेक लायब्रऱ्यांमध्ये दोन दोष उघड झाले ते याच जागी. एकात हेडरमध्ये अल्गोरिदम ‘नन’ (म्हणजे कुठलाच नाही) लिहिला की सहीशिवायचं टोकन चालायचं. दुसऱ्यात सर्व्हर आरएस२५६ वर असताना हल्लेखोर हेडरमध्ये एचएस२५६ लिहायचा आणि सगळ्यांना माहीत असलेली पब्लिक कीच एचएसची गुप्त की म्हणून वापरून सही करायचा. आजच्या लायब्रऱ्या सुधारल्या आहेत, तरी व्हेरिफायच्या कॉलमध्ये अल्गोरिदमची यादी स्पष्ट द्या आणि तीत एकच नाव ठेवा. देणारा कोण आणि कुणासाठी (ऑडियन्स), हे टोकनातले दोन क्लेम, म्हणजे दावेही तिथेच तपासायला सांगा; नुसते टोकनात लिहून उपयोग नाही.

नोडच्या जेसनवेबटोकन लायब्ररीत ‘डीकोड’ आणि ‘व्हेरिफाय’ ही वेगळी फंक्शनं आहेत. डीकोड सही बघतच नाही. नाव निरुपद्रवी, उत्तर दोन्हींचं सारखंच दिसतं, त्यामुळे कोड रिव्ह्यूत नजर चुकते. सर्व्हरच्या कोडमध्ये डीकोड शोधा. सापडला तर तो तिथे का आहे याचं पटणारं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

वेळेचे घोळ

टोकनातली वेळ सेकंदांत असते, १ जानेवारी १९७० पासून मोजलेली. जावास्क्रिप्टचं घड्याळ मिलिसेकंदांत बोलतं. हजाराने भागायचं राहिलं की टोकनची मुदत पन्नास हजारांहून जास्त वर्षं पुढे जाते. टेस्ट सगळ्या पास होतात, कारण टोकन चालतंच. ते कधी संपत नाही हे कुणी तपासलेलं नसतं.

उलटा घोळ एन्व्हायर्नमेंट फाइलचा. जेसनवेबटोकनला मुदत आकड्यात दिली तर तो सेकंद धरतो; एककाशिवायची स्ट्रिंग दिली तर मिलिसेकंद. आणि एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते सगळं स्ट्रिंगच असतं. तुम्ही ९०० लिहिता १५ मिनिटं म्हणून, लायब्ररी घेते ९०० मिलिसेकंद, आणि टोकन जन्मतःच मेलेलं निघतं. तिथे ‘१५एम’ असं एककासह लिहा, किंवा आधी आकड्यात रूपांतर करा.

पायथनवाल्यांना आपल्याकडचा खास त्रास म्हणजे साडेपाच तास. टाइमझोन नसलेली स्थानिक ‘नाऊ’ वेळ घेऊन त्यावरून मुदत काढली, तर पायजेडब्ल्यूटी ती यूटीसी समजते. भारतीय वेळेवर असलेल्या लॅपटॉपवर १५ मिनिटांचं टोकन मग पावणेसहा तास जगतं. तोच कोड यूटीसीवर चालणाऱ्या क्लाउड सर्व्हरवर अगदी बरोबर वागतो, त्यामुळे दोष टिकून राहतो. ‘यूटीसीनाऊ’ घेऊन त्याचा टाइमस्टॅम्प काढला तर उलट होतं: लॅपटॉपवर वेळ १९,८०० सेकंद मागे जाते आणि टोकन लगेच एक्स्पायर. यूटीसीनाऊ पायथन ३.१२ पासून बाद ठरवलंय. टाइमझोनसकट यूटीसी वेळ घ्या, दोन्ही भानगडी मिटतात.

दोन सर्व्हरची घड्याळं काही सेकंदांनी मागेपुढे असतातच. तपासताना ३० ते ६० सेकंदांची सूट ठेवा. पाच मिनिटं सूट लागत असेल तर कोड सोडा आणि सर्व्हरवर घड्याळ जुळवणारी क्रोनी चालू आहे का ते बघा.

ब्राउझरात ठेवायचं कुठे

ॲक्सेस टोकन जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मेमरीत. रिफ्रेश टोकन कुकीमध्ये: एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला वाचता न येणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी), सेमसाइट स्ट्रिक्ट (दुसऱ्या साइटवरून निघालेल्या विनंतीबरोबर न जाणारी), आणि पाथ फक्त रिफ्रेश व लॉगआउटच्या एंडपॉइंटपुरता. पान रिलोड झालं की मेमरीतलं टोकन जातं. म्हणून ॲप सुरू होताच आधी रिफ्रेश मागायचं आणि उत्तर येईपर्यंत लॉगिनचं पान दाखवायचं नाही, नाहीतर प्रत्येक रिलोडला ते क्षणभर चमकतं.

लोकलस्टोरेजमध्ये ठेवलं तर पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते उचलून नेते आणि हल्लेखोर आपल्या घरून महिनाभर वापरतो. एचटीटीपीओन्लीने स्क्रिप्ट घुसणं थांबत नाही, आणि पान उघडं असेपर्यंत ती सभासदाच्या नावाने विनंत्या करू शकतेच. वाचतं ते एवढंच की दीर्घ मुदतीचं टोकन बाहेर जात नाही. तेवढं पुरेसं मोलाचं आहे.

कुकी न पोचण्याचं नेहमीचं कारण डोमेन. फ्रंटएंड एका फुकट होस्टिंगच्या सबडोमेनवर आणि एपीआय दुसऱ्याच्या, अशी मांडणी असेल तर ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइट; स्ट्रिक्ट काय, जरा सैल अशी लॅक्स कुकीही जावास्क्रिप्टच्या फेचबरोबर जाणार नाही. सेमसाइट नन केलं तर क्रोममध्ये चालल्यासारखं वाटतं, पण सफारी २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी अडवते, आणि आयफोनवाले सभासद दर १५ मिनिटांनी बाहेर पडतात. तिथे सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा स्वतःचं एक डोमेन घ्या, ॲप आणि एपीआय त्याची दोन सबडोमेन करा.

लॉगआउटला कुकी पुसताना पाथ आणि डोमेन तेच द्यावे लागतात जे बसवताना दिले होते. पाथ विसरलात तर ब्राउझर दुसरीच कुकी पुसल्यासारखं करतो आणि जुनी जागच्या जागी राहते.

अँड्रॉइडवर कुकीऐवजी रिफ्रेश टोकन उत्तराच्या बॉडीत पाठवा आणि कीस्टोअरमधल्या (फोनच्या सुरक्षित की-साठ्यातल्या) कीने एन्क्रिप्ट करून ठेवा. ती फाइल बॅकअपमधून वगळा. नव्या फोनवर बॅकअपमधून फाइल येते पण की येत नाही, आणि ॲप उघडताच कोसळतं.

रिफ्रेशची फिरवाफिरव

हाच या सगळ्याचा गाभा, म्हणून इथे घाई नको. टेबलात हे रकाने लागतात: सभासद, टोकनचा हॅश (टोकनवरून काढलेला ठसा, ज्यावरून मूळ टोकन परत मिळत नाही), कुटुंब (एका लॉगिनमधून निघालेल्या टोकनांचा गट), मुदत, कधी वापरलं, उपकरणाचं नाव. लॉगिन झालं की नवं कुटुंब सुरू होतं. प्रत्येक रिफ्रेशला जुनं टोकन ‘वापरलं’ म्हणून नोंदवायचं आणि त्याच कुटुंबात नवं द्यायचं. वापरलेलं टोकन पुन्हा आलं, तर कुणाकडे तरी प्रत आहे. अख्खं कुटुंब रद्द करायचं.

हॅश साधा शा-२५६ पुरतो. पासवर्डला हळू हॅश लागतो कारण माणूस अंदाज करता येईल असे पासवर्ड ठेवतो. ३२ रँडम बाइटांचा अंदाज कुणी करत नाही. इथे बीक्रिप्ट हा पासवर्डसाठीचा हळू हॅश वापरणं अनावश्यक तर आहेच, रिफ्रेश टोकन जेडब्ल्यूटी असेल तर धोकादायकही आहे. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. एचएस२५६ चं नेहमीचं हेडर ३६ अक्षरांचं, पुढे एक बिंदू, मग उरतात पेलोडची ३५ अक्षरं. पेलोडची सुरुवात सभासदाच्या लांबलचक आयडीने होत असेल तर त्या सभासदाच्या सगळ्या टोकनांची पहिली ७२ अक्षरं एकच, म्हणजे रद्द केलेलं जुनं टोकनही ‘जुळतं’. सगळी फिरवाफिरव नुसती देखावा ठरते. सॉल्टमुळे (प्रत्येक हॅशमध्ये मिसळलेल्या वेगळ्या रँडम भरीमुळे) हॅशवरून ओळ शोधता येत नाही ही गैरसोय वेगळीच.

टोकन वापरल्याची नोंद एकाच अपडेटमध्ये करा: हॅश हा असेल आणि वापरलेलं नसेल तरच नोंदव, आणि ओळ परत दे. आधी सिलेक्ट आणि मग अपडेट असं दोन पायऱ्यांत केलं तर एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्यांना दोन्हीकडे ‘वापरलेलं नाही’ दिसतं.

आता प्रत्यक्षातली अडचण. कसारा घाटात रेंज गेली. फोनने रिफ्रेश मागितलं, सर्व्हरने टोकन फिरवलं, उत्तर वाटेत हरवलं. फोनकडे जुनंच टोकन. तो तेच पुन्हा पाठवतो. सर्व्हर चोरी समजून कुटुंब रद्द करतो आणि सभासद बाहेर. म्हणून १०-२० सेकंदांची सवलत ठेवायची: वापरल्यापासून तेवढ्या वेळात तेच टोकन पुन्हा आलं तर चोरी न मानता त्याच कुटुंबात आणखी एक टोकन द्यायचं. आधी दिलेलंच परत देता येत नाही, कारण आपल्याकडे फक्त हॅश आहे. ही सवलत चोरालाही मिळते, म्हणून ती मिनिटांवर नेऊ नका.

प्रत्येक फिरण्याला ३० दिवस नव्याने मिळत असतील तर टोकन कधीच संपत नाही. कुटुंबाला एक कमाल वयही द्या. सोसायटीच्या ॲपला ९० दिवस ठीक, बँकेसारख्या कामाला फार जास्त.

क्लायंटच्या बाजूला

डॅशबोर्ड उघडला की पाच-सहा विनंत्या एकदम जातात. टोकन संपलेलं असेल तर सगळ्यांना ४०१ येतो आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे रिफ्रेश मागतो. चालू असलेल्या रिफ्रेशचा प्रॉमिस एका व्हेरिएबलमध्ये धरा. बाकीच्यांनी त्याचीच वाट बघायची, मग आपली विनंती एकदाच पुन्हा पाठवायची. दोन टॅब असतील तर कुकी एकच पण मेमरी वेगळी, तेव्हा हे पुरत नाही. ब्राउझरमधलं वेब लॉक्स एपीआय वापरून एका वेळी एकाच टॅबला रिफ्रेश करू द्या.

४०१ आणि ४०३ मध्ये गल्लत नको. ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३. सर्व्हर दोन्हीकडे ४०१ देत असेल तर साध्या सभासदाने खजिनदाराचं पान उघडलं की क्लायंट रिफ्रेश, पुन्हा विनंती, पुन्हा रिफ्रेश अशा चक्रात अडकतो. रिफ्रेशलाच ४०१ आला तर तिथे थांबून लॉगिनवर न्यायचं.

ऑथरायझेशन हेडर असला की वेगळ्या ओरिजिनवरच्या (म्हणजे वेगळ्या पत्त्यावरच्या) विनंतीआधी ब्राउझर ऑप्शन्सचा प्रीफ्लाइट, म्हणजे परवानगी विचारणारी विनंती पाठवतो, आणि प्रीफ्लाइटमध्ये टोकन नसतं. एक्सप्रेसमध्ये टोकन तपासणारं मिडलवेअर कॉर्सच्या (दुसऱ्या ओरिजिनला परवानगी देणाऱ्या मिडलवेअरच्या) आधी लावलं तर प्रीफ्लाइटलाच ४०१ जातो, आणि ब्राउझर कॉर्सची तक्रार करतो. खरं कारण क्रमाचं असतं. परवानगीच्या हेडरमध्ये तारा (*) टाकून भागत नाही, ताऱ्यात ऑथरायझेशन येत नाही, ते नावानिशी लिहावं लागतं. कुकी पाठवायची असेल तर ओरिजिनच्या जागीही तारा चालत नाही.

पायथन ॲप अपाचीवर मॉड-डब्ल्यूएसजीआयने चालवत असाल तर ऑथरायझेशन हेडर मुळात ॲपपर्यंत पोचत नाही. डब्ल्यूएसजीआय-पास-ऑथरायझेशन चालू करावं लागतं. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर सगळ्यांनाच ४०१, असं दिसलं की पहिला संशय इथे घ्या.

ब्राउझरच्या वेबसॉकेटला आणि डाउनलोडच्या साध्या लिंकला हेडर लावता येत नाही. म्हणून लोक ॲक्सेस टोकन यूआरएलमध्ये घालतात, आणि ते एन्जिनएक्ससारख्या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये जाऊन बसतं. त्याऐवजी टोकन दाखवून ३० सेकंदांचं, एकदाच चालणारं तिकीट मागा आणि यूआरएलमध्ये ते घाला. पावतीची पीडीएफ डाउनलोड करायलाही हेच.

आता परत घेणं

लॉगआउटला कुटुंब रद्द करा आणि कुकी पुसा. पासवर्ड बदलला की त्या सभासदाची सगळी कुटुंबं रद्द, सगळ्या उपकरणांवर. ॲक्सेस टोकन मात्र उरलेली मिनिटं जगतंच. तेवढंही चालणार नसेल तर रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठ्यात) टोकनचा आयडी ठेवा, उरलेल्या मुदतीइतक्याच आयुष्यासह. यादी आपोआप साफ होत राहते. पण ही यादी प्रत्येक विनंतीला बघू लागलात की सेशनच झालं, वर जेडब्ल्यूटीचं ओझं. आपल्या नमुन्यात ती नको. पैशाच्या नोंदींसाठी भूमिका डेटाबेसातून वाचतोच आहोत. तिथेच सभासदाचं खातं चालू आहे का हेही बघितलं की काम होतं.

चालू करण्याआधी हाताने मारून बघायचे प्रकार: पेलोडमधलं एक अक्षर बदललेलं टोकन, अल्गोरिदम ‘नन’ केलेलं, मुदत संपलेलं, दुसऱ्या ऑडियन्ससाठीचं, आणि ॲक्सेसच्या जागी रिफ्रेश. पाचही वेळा ४०१ हवा. ५०० (सर्व्हरमधली चूक) आला तर व्हेरिफायची एरर कुणी पकडलेली नाही.

आणि सहीची की कधीतरी बदलावी लागेल, म्हणून पहिल्या दिवसापासून हेडरमध्ये की-आयडी लिहा. बदलताना सर्व्हरकडे दोन्ही की ठेवा: सही नव्या कीने, तपासणी हेडरमधल्या आयडीनुसार. तो आयडी टोकनासोबत बाहेरून येतो, तेव्हा त्याचा उपयोग ठरलेल्या यादीत शोधण्यापुरताच करा. त्यावरून फाइलचा मार्ग किंवा एसक्यूएल बनवू नका. १५ मिनिटं आणि वर घड्याळांच्या फरकासाठी सोडलेलं एक मिनिट, एवढं झालं की जुनी की काढून टाकता येते. रिफ्रेश टोकनांना सहीच नसल्यामुळे या सगळ्यात कुणालाही पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. की फुटली म्हणून बदलत असाल तर मात्र ती १६ मिनिटंही थांबू नका. जुनी की लगेच काढा, क्लायंट ४०१ घेऊन आपोआप नवं टोकन आणतील.